रोजनामच्यातली गूंगी

अनसाबाईची जीभ निंबर्ग्याच्या पंचक्रोशीत सगळ्यांनी भोगली होती. धनगरवाडीच्या पंधरा घरांना ती कोंबडं आरवायच्या आधी ऐकू यायला लागायची, ती पार दिवा मालवेपर्यंत. भाकरी थापताना ती भाकरीशी बोलायची, मेंढरं वळताना मेंढरांशी बोलायची, आणि समोर माणूस सापडला म्हणजे तर बघायलाच नको. पोलीसपाटील भगवानराव म्हणायचे, "अनसाबाई आडवी आली की शेताकडं जायचा बेत उद्यावर टाकावा." आता हे भगवानराव स्वतः काही कमी बोलके नव्हते. पण शेराला सव्वाशेर असतोच.

ती उदगीरकडची लेक. लग्न होऊन इकडं आली तेव्हा तिला कानडीतलं फक्त 'नीरु' माहीत होतं, म्हणजे पाणी, तेही तहान लागली म्हणून. दोन वर्षांत ती कानडीत भांडायला लागली. बाजारात दखनी उर्दूत घासाघीस करायची. तीन भाषा आणि एक तोंड, तोंड बिचारं पुरं पडेना. नवरा लिंबाजी मात्र दिवसाला चार शब्दांचा माणूस, त्यातले दोन मेंढरांसाठी. तो कधी तिला गप बस म्हणाला नाही. म्हणायला वाव मिळाला नसेल, असंही लोक म्हणत.

पण अनसाबाईचं सगळं, शेवटपर्यंत, मन लावून ऐकून घेणारं माणूस या जगात एकच होतं, आणि ते म्हणजे शेजारची सिद्धम्मा. सिद्धम्मा जन्माची मुकी. ऐकू सगळं यायचं, कानडी कळायची, मराठी कळायची, पण तोंडातून शब्द म्हणून कधी फुटला नाही. नवऱ्यानं तिला लग्नाच्या सहाव्या महिन्यात माहेरी आणून सोडलं, तेव्हापासून ती आणि तिची म्हातारी आई चन्नव्वा दोघीच. दुपारी दोघी मैत्रिणी ओट्यावर लोकर कातत बसायच्या. एकीची टकळी फिरायची आणि दुसरीची टकळी आणि जीभ दोन्ही. सिद्धम्मा भुवया उडवायची, मान हलवायची, फारच थाप वाटली तर हातातली लोकर अनसाबाईच्या अंगावर फेकायची. वीस वर्षांत त्यांचं एकदाही भांडण झालं नाही.

मग ती दुसरी लढाई आली. फसली तेराशे त्रेपन्न साल असेल, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीस. लढाई कुठं चालली होती ते वाडीत कुणाला धड ठाऊक नव्हतं, पण सिकंदराबादेत गोऱ्यांची छावणी आहे आणि तिला रोज मटण लागतं, एवढं मात्र फार लवकर कळलं. निजामाचं राज्य म्हणायला आपलं, पण गोऱ्यानं मागितलं आणि दिलं नाही असं कधी झालं नव्हतं. गुंडेराव नावाचा ठेकेदार सरकारी हुकूम घेऊन आला. हुकमात लिहिलं होतं मेंढे. गुंडेरावानं मेंढे नेले, मग मेंढ्या नेल्या, मग गाभण मेंढ्यांनाही दोर लावला.

इथं वाडीचं माथं फिरलं. गाभण मेंढी धनगर विकत नाही आणि कापतही नाही. तिला उचलायची वेळ आली तर दोन्ही हातांनी, पोटाला धक्का न लावता उचलतो. लिंबाजीच्या चार गाभण मेंढ्या शिपायांनी पायाला धरून ओढत नेल्या. लिंबाजी बघत उभा राहिला. त्या दिवशी तो चारातला एकही शब्द बोलला नाही.

ओढलेली मेंढरं जवळच्या हिरेबावी या बाजारगावात, चौकीसमोरच्या मैदानात कोंडायची, आणि पुरेशी जमली की गुलबर्ग्याला हाकत नेऊन रेल्वेत भरायची, असा रिवाज होता. कोंडवाडा म्हणजे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि एक फाटक. पहाऱ्याला जगदेवप्पा शिपाई.

भाद्रपदातली झड लागलेली होती. सूर्य तीन दिवस दिसला नव्हता. अशा झडीत आमच्याकडं बाई असो, बुवा असो, सगळे डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन फिरतात. खोळीतून नाकाचा शेंडा दिसला तर दिसला. त्या दिवशी भर दुपारी अनसाबाई आपल्या मेंढ्या बघायला म्हणून हिरेबावीला गेली. खरंच, नुसत्या बघायला. जगदेवप्पा छपरीत पाठ करून भाकरी खात होता. चारही मेंढ्या चिखलात पोटऱ्यांपर्यंत उभ्या होत्या, आणि एकीचं अंग थरथरत होतं.

पुढं जे झालं ते तिच्या हातांनी केलं, डोक्याला त्याची खबर नव्हती. तिनं फाटकाची कडी काढली. फक्त एक शहाणपण तिला सुचलं. आपण तोंड उघडलं की आपण कोण हे आंधळ्यालाही कळतं, हे ती पक्कं जाणून होती. तिनं दात आवळले आणि नुसतं जिभेनं टक् टक् केलं. मेंढरांना तेवढं पुरतं. जगदेवप्पा भाकरी टाकून धावत आला तेव्हा अर्धा कोंडवाडा रिकामा झाला होता आणि खोळीतली बाई ओढ्याकडच्या पावसात दिसेनाशी होत होती. तो ओरडला, "यारु?" म्हणजे कोण. उत्तर आलं नाही. अनसाबाईला उत्तर द्यायची इतकी अनिवार इच्छा झाली होती की तिनं घोंगडीचं टोक तोंडात कोंबलं होतं.

सुटलेली मेंढरं आपापल्या वाड्यात परत आली. मेंढरू आपलं घर चुकत नाही.

चौकीत मुन्शी होता. लखनौकडचा, गैरमुल्की म्हणजे बाहेरच्या मुलखातला, स्वच्छ अचकन, बारीक अक्षर. चौकीचा रोजनामचा, म्हणजे रोजची नोंदवही, तोच उर्दूत लिहायचा. जगदेवप्पा घरात कानडी बोलणारा माणूस, त्याची दखनी बेताची. तो म्हणाला, "एक घोंगडीवाली आयी, साब. मूं से कुच नै बोली. मेंढरां ले को गई."

मुन्शीनं कलम थांबवलं. घोंगडी हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता. त्याच्या मुलुखात असतो तो कंबल. "गूंगड़ी? यानी गूंगी?"

साहेबानं काहीही विचारलं तरी 'हौ' म्हणायचं, एवढी एकच अक्कल जगदेवप्पानं नोकरीत कमावली होती. "हौ, साब," तो म्हणाला.

आणि बाई तोंडातून काही बोललीही नव्हती, म्हणजे ताळा बरोबर जुळला. मुन्शीनं लिहिलं, एका गूंगी औरतीनं सरकारी मेंढरं पळवली. झालं. घोंगडीवालीची मुकी झाली आणि कागदावर बसली.

त्या झडीत अनसाबाईनं आणखी दोनदा मेंढरं सोडवली. एकदा शिपाई ती नाल्याच्या उतारावरून हाकत नेत असताना, एकदा पुन्हा कोंडवाड्यातून. दोन्ही वेळा दिवसाढवळ्या, दोन्ही वेळा मूग गिळून. मग काय विचारता. पंचक्रोशीत दुसरा विषयच उरला नाही. कुणी म्हणालं, ती मैलारच्या खंडोबाची अस्तुरी आहे, धनगरांसाठी उतरलीय. कुणी तिचा पांढरा घोडा बघितला. घोडा बघणाऱ्याला विचारलं की बाई दिसली का, तर म्हणे धुकं होतं. शिपायानं झाडलेली गोळी तिच्या अंगाला लागून पावसाच्या थेंबासारखी खाली पडली, असं निंबर्ग्याचा मायाप्पा छातीवर हात ठेवून सांगायचा. गोळी काही झाडलीच गेली नव्हती.

आणि अनसाबाईची काय दशा झाली असेल विचार करा. आयुष्यात पहिल्यांदा सांगण्यासारखं काही घडलं होतं आणि तेच सांगायची चोरी. बाजारात बायका घोळक्यानं घोंगडीवालीच्या गोष्टी सांगायच्या आणि हिचा जीव कासावीस व्हायचा. शेवटी तिनं तोड काढली. सांगायचंच, पण भलतंच सांगायचं. "म्या सांगू का," ती म्हणायची, "तिच्या खोळीत मुंडकंच न्हाई. माझ्या मावसभावानं वाकून बघितलंय. आत नुस्ता उजेड हाय." बायका शहारायच्या. पांढऱ्या घोड्याला दोन पंख अनसाबाईनंच लावले. सिद्धम्मा हे सगळं ओट्यावर पुन्हा ऐकायची आणि लोकरीचा पुंजका अनसाबाईच्या अंगावर नेम धरून फेकायची. तिला ठाऊक होतं. त्या झडीत तीन वेळा एकच घोंगडी चिखलानं भरून कुंपणावर वाळत पडलेली तिनं बघितली होती, आणि त्या घोंगडीला ठिगळ तिनंच लावलेलं होतं.

झड ओसरत आली तशी चौकीवर वरून ताण आला. सिकंदराबादेहून गोरा साहेब स्वतः बुधवारी मेंढरं बघायला येणार होता. तोवर चोर पाहिजे. अमीनसाहेबानं, म्हणजे चौकीच्या मुख्यानं, रोजनामचा उघडला, गूंगी हा शब्द वाचला आणि दोन शिपाई घेऊन वाडीवर आला.

"इस वाड़ी में गूंगी कौन है?"

भगवानराव पाटलांनी पागोटं काढून डोकं खाजवलं. खोटं बोलायला जागाच नव्हती, सगळ्या दुनियेला माहीत होतं. सिद्धम्मा ओट्यावर कातत होती. शिपाई समोर उभे राहिले तेव्हा तिनं एकदाच अनसाबाईकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. तिला बोट दाखवता आलं असतं. बोटाला काही जिभेची गरज लागत नाही. पण तिनं टकळी आईच्या मांडीवर ठेवली, पदर नीट केला आणि चालायला लागली. चन्नव्वा मागून रडत, पडत चार पावलं गेली आणि वाटेत बसली.

अनसाबाई दारात उभी होती. तोंड उघडं होतं आणि आवाज निघत नव्हता. भीतीनं निघत नव्हता, दुसऱ्या कशानं नाही. आपण घाबरलो आणि गप बसलो, हे तिला कळलं आणि तिला स्वतःची किळस आली.

लिंबाजी संध्याकाळी आला. तिनं भाकरी वाढली आणि म्हणाली, "ती घोंगडीवाली म्याच हाय."

"ठावं हाय," लिंबाजी म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"तीन डाव तू सांजंला गप बसलीस. लगीन झाल्यापास्नं कधी बसलीस?"

तिला रडू फुटलं. ती म्हणाली, म्या उद्या जाऊन कबूल होते, सिद्धीला सोडा म्हणते. लिंबाजीनं भाकरीचा तुकडा मोडला, पण खाल्ला नाही. "कागदावर मुकी हाय," तो म्हणाला. "तुला कोण मुकी म्हणंल? तुला हाकलतील आन तिला तशीच ठिवतील." एका दमात एवढं बोलून त्याला धाप लागली असावी.

तरी ती गेली. मंगळवारी सकाळी चौकीत मुन्शी एकटाच होता, अमीनसाहेब साहेबाच्या तयारीला गेला होता. आतल्या खोलीच्या गजाआड सिद्धम्मा भिंतीला टेकून बसलेली. मनगटाला दोर बांधलेला. अनसाबाईनं तिला बघितलं मात्र, आणि धरण फुटलं. घटकाभर ती थांबलीच नाही. मराठीत सुरू झाली, दखनीत शिरली, मध्येच कानडीतून जाऊन आली. मुन्शी कलम हातात धरून ऐकत राहिला, त्याला बिचाऱ्याला श्वास कुठं घ्यावा कळेना.

"अवो मुन्शीजी, घोंगडी म्हंजे वढायची. ये देखो, ये. कांबळं. इसकू घोंगडी बोलते. पाऊस आया तो सिर पे लेते. घोंगडीवाली म्हंजे ये ली हुई बाई. गूंगी कहां से आई बीच में?"

तिनं आपली घोंगडी त्याच्या टेबलावर पसरली. मुन्शीनं ती बोटांनी चाचपली. "कंबल," तो हळूच म्हणाला. मग त्यानं रोजनामचा काढला, ते पान उघडलं आणि आपणच लिहिलेल्या अक्षराकडं बराच वेळ बघत बसला. माणूस वाईट नव्हता. त्याचा चेहरा पडला.

"मग खोडा की," अनसाबाई म्हणाली.

"रोज़नामचे में काट-छाँट नहीं होती, बाई. मेरी नौकरी जाएगी, और अमीन साहब फिर भी नहीं मानेंगे. साहब को तार जा चुका है कि गूंगी पकड़ी गई."

"मग ऐका. ती मेंढरं म्याच—"

मुन्शीनं दौतीचं झाकण खाडकन लावलं. "मैं जो सुनता हूँ, वही लिखता हूँ," तो म्हणाला. "इसलिए सोचकर बोलिए." मग खिडकीतून बाहेर झडीकडं बघत, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "पुराना लिखा मिटता नहीं. हाँ, कोई नई वारदात हो जाए, तो नया ज़रूर लिखूँगा."

अनसाबाईला हे उमजायला घरापर्यंतची वाट लागली. ओढा ओलांडताना ती मध्येच थांबली. नवी वारदात, म्हणजे नवा गुन्हा. सिद्धम्मा चौकीत असताना, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, घोंगडीवाली पुन्हा यायला हवी. आणि नुसती येऊन भागायचं नाही. तिला बोलायला हवं.

म्हणजे जे तिनं तीन वेळा टाळलं होतं तेच. तिच्या एका शब्दावर अख्खं गाव तिला ओळखणार, आणि गावात गुंडेरावाची माणसं होती. ती त्या दिवशी कुणाशीही बोलली नाही.

बुधवारी हिरेबावीचा बाजार. झडीनं जाता जाता पुन्हा जोर धरला होता. मैदानात दीडदोनशे माणूस जमलेलं, सगळे खोळीत. गोरा साहेब घोड्यावर, अंगात मेणकापड, कपाळावर आठी. कोंडवाडा काठोकाठ भरलेला. लिंबाजीच्या त्या चार मेंढ्या पुन्हा पकडून आणलेल्या, कुंपणालगत उभ्या. आणि चौकीच्या ओसरीवर सिद्धम्मा, दोर बांधलेली, साहेबाला दाखवायला आणलेली. अमीन गोऱ्या साहेबाला सांगत होता की हीच ती गूंगी. साहेबानं तिच्याकडं बघितलंही, पण नीट नाही, चिखलातल्या बुटाकडं बघावं तसं.

अनसाबाई गर्दीच्या मध्यात उभी होती. तिनं सिद्धम्माकडं पाहिलं. सिद्धम्मानं तिला हेरलं आणि मान हलवली. नको. असं दोनदा. त्या हलणाऱ्या मानेनंच अनसाबाईचं भय संपलं.

"म्या मुकी न्हाई!" ती खोळीतून गरजली. "घोंगडीवाली म्या हाय, आन म्या मुकी न्हाई! ना मूगि अल्ल! मैं गूंगी नै जी, वो बेचारी कू छोडो!"

तिन्ही भाषांत झालं. अमीन गर्रकन वळला. गर्दीत सगळ्या खोळी सारख्याच. पण एक गोष्ट अनसाबाई विसरली होती. आवाज माणसंच ओळखतात असं नाही. कुंपणालगतच्या चार मेंढ्यांनी माना वर केल्या. जन्मल्यापासून ज्या बाईची बडबड ऐकली ती बाई त्यांना सापडली होती. त्या बें बें करत काटे ढकलून तिच्याकडं निघाल्या, आणि कुंपण तिथं खचलं. आता त्या येऊन तिच्या गुडघ्याला अंग घासणार आणि अमीनाला बोट दाखवायचीही गरज उरणार नाही. अनसाबाईनं डोळे मिटले.

तेवढ्यात लिंबाजीनं हाळी दिली. त्या चार शब्दांच्या माणसाच्या छातीतून अशी हाळी निघाली की साहेबाचा घोडा बिथरला. लगोलग मायाप्पानं दिली. मग मैदानातल्या सगळ्या धनगरांनी, प्रत्येकानं आपापली. कोंडवाडा फुटला. शेकडो मेंढरं आपापल्या धन्याच्या आवाजाकडं धावली, गर्दीत घुसली, आणि बघता बघता प्रत्येकाच्या गुडघ्याशी दोनचार मेंढ्या अंग घासायला लागल्या. पाटलांच्या धोतरालाही एक बिलगली. त्यांच्याकडं तर मेंढरंही नव्हती.

गोऱ्या साहेबानं घोडा कसाबसा आवरला, गुंडेरावाला काहीतरी तोडून बोलला आणि गुलबर्ग्याची वाट धरली. गुंडेराव चिखलातून मागं मागं धावला. त्या हंगामात ठेक्याचा माणूस पुन्हा इकडं फिरकला नाही, ते आत्ताच सांगून टाकतो.

पण अमीन उरला होता, आणि तो भडकला होता. "पटेल," तो म्हणाला, "ये किसकी आवाज़ थी?"

भगवानरावांनी मेंढी बाजूला सारली. वीस वर्षं त्यांनी त्या आवाजाची कागाळी केली होती. "साहेब," ते म्हणाले, "आमच्या सगळ्याच बायका अशा वरडत्यात."

"ठीक है. सब औरतें क़तार में. एक-एक करके बोलेगी, मैं गूंगी नहीं. मैं कान से पकड़ूँगा."

बायका रांगेत उभ्या राहिल्या. अनसाबाई मध्ये कुठंतरी. पहिली होती तिची जाऊ, म्हाळसाबाई. म्हाळसाबाईनं खोळ मागं टाकली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "म्या मुकी न्हाई."

अनसाबाईच्या अंगावर काटा आला. तो तिचाच आवाज होता. तोच घोगरेपणा, 'न्हाई'च्या शेवटी तोच हेल. अमीन म्हणाला, हीच. मग दुकानवाली कमलबाई बोलली, हुबेहूब तशीच. अमीन म्हणाला, थांबा. मग गीताबाई. मग खुद्द पाटलीणबाई चंद्रभागाबाई, तिनं तर नाकातून सूं केलं, अनसाबाई वाक्य संपवताना करते तसं. एकीनंही अनसाबाईकडं बघितलं नाही. आणि अनसाबाईला हळूहळू उलगडा झाला. एका दिवसात कुणी असं शिकत नाही. या रांडा वीस वर्षं आपल्या पाठीमागं, जात्यावर, पाणवठ्यावर, आपली नक्कल करत आल्या होत्या. सगळ्याच्या सगळ्या. तिला हसावं की रडावं कळेना.

तिची पाळी आली. घसा दाटून आला होता. "म्या मुकी न्हाई," ती म्हणाली, आणि आवाज चिरका, बारीक, कुणा परक्या बाईचा असल्यासारखा निघाला.

अमीनानं हात झटकला. "ये तो बिल्कुल नहीं. हटो."

लिंबाजीनं मागून दंड धरून तिला बाजूला घेतलं.

रांग संपली. पस्तीस बायका, सगळ्या घोंगडीवाल्या. अमीनानं कपाळाला हात लावला. तेव्हा मुन्शी ओसरीवरून पुढं आला, हातात रोजनामचा, अदबीनं झुकून म्हणाला, "हुज़ूर, क़ायदे से मुलज़िमा को भी बोलना चाहिए. नहीं तो तहक़ीक़ात अधूरी है."

सिद्धम्माला उभं केलं. ती पुढं आली. तिनं तोंड उघडलं. तिला खरंच म्हणायचं होतं, हे सगळ्यांना दिसलं. गळ्याच्या शिरा ताणल्या, ओठ हलले. "अं... अं..." एवढंच. मेंढरं तेवढी ओरडत होती.

"हुज़ूर," मुन्शी म्हणाला, "पूरी बस्ती में यही एक औरत है, जो वो औरत हो ही नहीं सकती."

अमीनानं रांगेकडं बघितलं, सिद्धम्माकडं बघितलं, पावसाकडं बघितलं. मग म्हणाला, सोडा. जगदेवप्पानं दोर सोडला. मुन्शीनं तिथंच ओसरीवर उकिडवं बसून नवी हकीकत लिहिली, अक्षर नेहमीपेक्षा मोठं.

वाटेत अनसाबाई सिद्धम्माचं मनगट चोळत चालली. दोराचे वळ उठले होते. ती म्हणाली, सिद्धे, म्या त्या दिवशी दारात घाबरले, मला माफ कर. सिद्धम्मानं तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोराचा. मागून बायका येत होत्या, अनसाबाईच्या आवाजात एकमेकींशी बोलत, खिदळत. आता चोरून करायची गरजच उरली नव्हती.

चन्नव्वा तीन दिवस उंबऱ्यात बसली होती. चूल थंड. लेकीला बघून ती उठली, पदरानं तिचं तोंड पुसलं, डोकं पुसलं. "बंद्येनवा?" एवढंच म्हणाली, आलीस का गं बाई. मग अनसाबाईला म्हणाली, कशी सोडली तिला, कुणाच्या पाया पडलीस?

अनसाबाईजवळ सांगायला केवढं होतं. मेंढरं होती, घोडा होता, हाळी होती, पस्तीस बायका होत्या. पण तिनं म्हातारीचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "तिला बोलता येत न्हाई म्हणून सुटली, अव्वा. दुसरं काय बी न्हाई."

चन्नव्वाला ते लगेच पोचलं नाही. तीस वर्षं तिनं गाणगापूरला नवस केले होते, या एका गोष्टीसाठी. कुणाचा शाप, कुणाचं पाप, म्हणून स्वतःलाच बोल लावला होता. ती लेकीकडं बघत राहिली. मग तिचे ओठ थरथरले आणि ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली, आणि सिद्धम्मानं तिला कवेत घेतलं. दोघी मायलेकी किती तरी वेळ तशाच उभ्या होत्या. अनसाबाईनं आत जाऊन चूल पेटवली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.